खाली पाहणारा धोतरा

काल दिवेलागणीला वहिनीकडे बसलो असता अंगणातून तो गोड, जड वास आला आणि माझ्या हातातली चहाची बशी ओठांपाशीच थांबली.

गोष्ट जुनी, महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची. दादाचं लग्न झालं आणि वहिनी आमच्या देऊळघाटला आली ती माहेरून एक फांदी घेऊन. मोरीच्या पाण्यावर लावली, तर वर्षाच्या आत छपराला टेकली. पांढरी, हातभर लांब फुलं उलटी लोंबायची आणि अंधार पडला की उमलायची. वास असा, की पार रोहिणखेड गावचे बैल दावं तोडून आमच्या दारात येत. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा.

शेजारच्या काकूला मात्र वेगळाच वास आला. "धोतरा व्हय हा! नव्या सुनेनं काऊन लावला बाप्पा?" झालं! गावात आमच्या घरचा चहा कुणी पिईना. शेवटी दादा कुऱ्हाड घेऊन निघाला.

वहिनी झाडाला आडवी झाली. "काकू, धोतरा वर पाहते. हे फूल खाली पाहते."

"खाली पाहणाऱ्या सुनेचंच जास्त भेव असते, बाई!"

वहिनी आत गेली, काकूसाठी चहा घेऊन आली आणि सगळ्यांदेखत अर्धी बशी आधी स्वतः प्याली. उरलेली काकूला प्यावीच लागली. झाड वाचलं.

पुढं कळलं, हे धोतऱ्याचंच भावंड, तितकंच विषारी. म्हणजे काकू अर्धी खरीच होती!

म्हणून काल मी थांबलो. म्हातारी वहिनी गालात हसली, माझ्या बशीतला एक घोट प्याली आणि म्हणाली, "प्या आता, भाऊजी."