परीक्षेआधीची परीक्षा

लग्नामुळं सुटलेलं कॉलेज पुन्हा धरावं असं मनात आलं, तेव्हा माझा धाकटा मुलगा नुकताच शाळेत जायला लागला होता. दोन हजारनंतरची ती वर्षं. पेपरात जाहिरात आली होती : घरबसल्या इंटरनेटवरून पदवी. शिरोळची माझी थोरली नणंद तेव्हा आमच्याकडं कोल्हापुरात राहायला आली होती. तिला जाहिरात वाचून दाखवली.

"कॉलेज हाय म्हणत्यात, मग इमारत कुठं हाय?" तिनं विचारलं.

मलाही तेच खटकत होतं. तरी आम्ही दोघी राजारामपुरीतल्या नेट कॅफेत गेलो. त्या साइटवर प्रवेशाआधी एक चाचणी होती, तुम्ही ऑनलाइन शिकायला तयार आहात का म्हणून. एकटं बसून अभ्यास होतो का, वेळ पाळता का, घरी कॉम्प्युटर आहे का. मी खरी उत्तरं दिली. निकाल आला : अभिनंदन, तुम्ही पूर्ण तयार आहात!

क्षणभर बरं वाटलं. मग मनात पाल चुकचुकली. घरी कॉम्प्युटर नाही म्हणून लिहिलं होतं की मी. मग तयार कशी?

"वैनी, आता माझं नाव घाल आणि समदं वाईट लिव," नणंद म्हणाली.

लिहिलं. वेळ पाळत नाही, वाचायचा कंटाळा येतो, इंग्रजी येत नाही. पुन्हा अभिनंदन. चौथीत शाळा सोडलेली माझी नणंद इतक्या मोठ्यानं हसली की कॅफेवाला मधल्या फळीवरून डोकावला.

"पावणं, मी बी कॉलेजला निघाले बघा!"

दोन दिवसांनी त्या इंटरनेटवरच्या कॉलेजातून घरी फोन आला. बोलणारा फार गोड होता. जागा थोड्याच उरल्यात म्हणाला. मी विचारलं, "तुमच्या चाचणीत कुणी नापास होतं का?"

"तुम्ही कशाला नापास व्हाल, मॅडम?"

मी फोन ठेवला. पण त्यांच्यावर संशय घेणं सोपं होतं. त्याच्याआड मी माझी भीती तर झाकत नव्हते? चाचणीतले प्रश्न काही वाईट नव्हते, त्यांची खरी उत्तरं मलाच शोधायला हवी होती. म्हणून शेजारच्या मुलीचं अर्थशास्त्राचं पुस्तक आणलं आणि रोज दुपारी एकटी बसायला लागले. सुरुवातीला पानावरच झोप लागायची. कधी लाईट जायची, कधी कुणी गप्पा मारायला यायचं. मग नणंद उंबऱ्यात बसायला लागली. "वैनी घरात न्हाय," असं ती खुशाल सांगायची आणि मी आत श्वास रोखून धरायची.

दिवाळीपर्यंत पुस्तक संपलं. अभ्यासाला मी तयार होते, इंटरनेटवरच्या कॉलेजला नव्हते. विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागात स्वतः गेले, तिथल्या बाईंना नाही नाही ते प्रश्न विचारून भंडावलं आणि मगच नाव घातलं. नवरा म्हणाला, "एवढी चौकशी तर लग्नाच्या वेळीबी केली न्हाईस."