चरकाच्या रोलरवरचा मधला पट्टा

सांगा, सांगा म्हणून डोकं खाल्लं लोकांनी. मला कामं न्हाईत व्हय? वेल्डिंगच्या दुकानात भंगार साठतं तसे किस्से साठतात. भंगाराला गिऱ्हाईक तरी असतं! बरं, घ्या.

उमरग्यात हायवेला आमचं दुकान. आमी तिघं, वेल्डिंगच्या तीन तऱ्हा. म्या रॉडवाला. रफिकभाई टिगवाले, सुईनं शिवल्यासारखं काम. आन् माझा मेहुणा महादू, त्याचं सीओटू मशीन. साध्या लोखंडावर स्टेनलेसचा थर चढवायचा, गंजू नये म्हणून, हे आमचं काम. भांडण एकच: कुणाचा थर चांगला?

*

रफिकभाईंना घाई म्हणजे शिवी. एकदा पंपाचा शाफ्ट घेऊन बसले. गिऱ्हाईक चहा पिऊन आलं, जेवून आलं, शेवटी म्हणालं, "चाचा, तोवर पार भूम गावाला जाऊन येऊ का?"

रफिकभाईंनी मान बी वर केली न्हाय. "मुक्काम करून या."

*

महादूचं उलटं. मशीनमधून वायर आपोआप येते, म्हणून हा फर्रर्र सुटतो. एकदा त्याचा थर लेथवर लावला, तर केळीच्या सालीगत सोलून हातात आला!

महादू म्हणतो, "बघा दाजी, फिनिशिंग आतून बी आलंय!"

*

माझ्यावर बी हसतात. रॉडच्या कामावर खपली धरते, ती हातोडीनं ठोकून काढायची. हाताला सवयच लागली. घरी करपलेल्या भाकरीवर चमचा ठोकला.

बायको कडाडली, "खपली काढताय व्हय? रॉड बदला, न्हायतर बायको!"

आता ह्या वयात रॉड कोण बदलतो!

*

कांताबाईंची रसवंती. चरकाचा रोलर गंजला, रस काळा यायला लागला, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जायला लागलं. रोलर आमच्याकडं आला. महादू सगळ्यांपुढं म्हणाला, "दाजींचा रॉड आता भंगारात घाला!"

लई लागलं मला. म्हटलं, "एकाच रोलरवर तिघांचे तीन पट्टे. ज्याचा गंजंल त्यानं सगळ्यांपुढं माफी मागायची!"

पहिल्या थरात खालचं लोखंड मिसळतं आन् तो थर गंजतो, म्हणून म्या आधी अस्तर दिलं, मग वरचा थर. रफिकभाईंनी बी तसंच केलं, सावकाश. महादूनं एका थरात उरकलं. लेथवर तिन्ही पट्टे सारखेच चकाचक झाले, मग खडूनं नावं घातली. आमची परीक्षा ठरलेली: लिंबू-मीठ चोळून रोलर दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा.

सकाळी बघतो तर मधला पट्टा तांबडा! आन् लिंबाच्या पाण्यानं नावं गायब.

"म्या कडेला होतो," म्या म्हटलं.

"मैं भी कडेला," रफिकभाई.

"मी तर पार कडेला!" महादू.

रोलर न्यायला आलेल्या कांताबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "रोलरला कडा किती असत्यात वो?"

हसू आवरंना. चहाला गेलो. महादू म्हणाला, "तुमी व्हा पुढं." माझा चष्मा ऱ्हायला म्हणून म्या माघारी फिरलो, तर हा गडी पॉलिश पेपर घेऊन मधला पट्टा घासतोय!

"काय करतोस रं?"

"रफिकभाईंची अब्रू राखतोय, दाजी!"

माफी अजून यायचीय. कुणाची, ते महादूला इचारा.