दुसऱ्याच्या फोनवर

चष्मेवाला मुळातच घुमा. दिवसभर दुकानात बसून तो जी काही वाक्यं बोलायचा ती हाताच्या बोटांवर मोजता आली असती. हे बरं की हे? आता दिसतंय का? खालची ओळ वाचा. त्याची बायको म्हणायची, "लग्नाच्या आधी मला बघायला आलात तेव्हाही एवढंच विचारलं असतं तुम्ही."

दुकान दोन इमारतींच्या मधल्या बोळात होतं, आणि इतकं चिंचोळं की गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की दुसऱ्याला आत यायला पहिल्याने पाय पोटाशी घ्यावे लागत. अक्षरांचा तक्ता लांब लावायला जागाच नव्हती. म्हणून तो गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलटा लावलेला आणि समोर आरसा. माणसं आरशात बघून आपल्या पाठीमागची अक्षरं वाचायची. नवीन माणूस हमखास एकदा मागे वळून बघायचा.

बायको त्याच्या अगदी उलट. ती पाणी खात्यात मीटर वाचायला होती. सकाळी हेल्मेट घालून स्कूटरवर निघायची ती गल्लीबोळ पालथे घालून दुपारी परतायची. कुठला जिना निसरडा, कुठल्या गेटाची कडी आतून काढता येते, कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं, सगळं तिला पाठ. तिला नाद लागला होता तो इंटरनेटवरच्या नकाशावर फोटो टाकण्याचा. माणूस जिथे रस्ता चुकतो तिथला फोटो काढायचा, नकाशावर त्या जागी चिकटवायचा आणि खाली एक ओळ लिहायची. 'निळ्या गेटातून शिरा, कुत्रं ओरडेल पण मनाचं चांगलं आहे.' 'जिना दिसत नाही, पण आहे. टाकीच्या मागे बघा.' फोटोखालीही ती बोलल्यासारखंच लिहायची. या हमालीचा पगार कोण देतं, असं तो चिडवायचा. त्यावर ती म्हणायची, तुम्ही बसल्या जागी लोकांना दिसेलसं करता, मी फिरून करते, एवढाच फरक.

मग ती आजारी पडली आणि आजार हाताबाहेर गेला. हॉस्पिटलात शेवटी शेवटी तिला धड बोलवतही नव्हतं, तरी एका दुपारी तिने त्याच्या बाहीला धरून विचारलं, "माझे फोटो लोकांना दिसत राहतील ना हो?"

"दिसतील की," तो म्हणाला. आजारी माणसाला म्हणतात तसं म्हणाला. पण तिने ते खरं मानलं आणि डोळे मिटले. नवरा बोलतो कमी, पण बोलला की खोटं नसतं, असं ती चारचौघांत सांगायची.

ती गेल्यावर त्याने तिचा फोन जपला. रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचा, तिच्या फोनवर नकाशा उघडायचा आणि तिच्या गल्ल्यांमधून फिरून यायचा. टाकी, जिना, निळं गेट. सगळं जागच्या जागी असायचं. दिलेला शब्द पाळला गेलाय असं वाटून त्याला घरी जायचं बळ यायचं.

या सगळ्यावर पाणी पडलं ते पार्सल घेऊन आलेल्या एका माणसामुळे. त्याला मागच्या इमारतीचा जिना सापडत नव्हता. चष्मेवाल्याने जरा ऐटीतच सांगितलं, नकाशात बघा, माझ्या बायकोने टाकलाय फोटो. त्या माणसाने फोन काढला, अंगठ्याने वरखाली केलं आणि म्हणाला, इथे तर काहीच नाही काका. चष्मेवाल्याने त्याचा फोन हातात घेऊन बघितलं. खरंच काही नव्हतं. बायकोच्या फोनवर मात्र तोच जिना ठसठशीत दिसत होता.

बोळाच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करणारा बसायचा. तोंडात कायम एक स्क्रू धरलेला, त्यामुळे त्याचं बोलणं दातांतून यायचं. त्याने समजावून सांगितलं. आपण टाकलेला फोटो आपल्याच फोनवर बघितला तर तो दिसणारच. नकाशावाल्यांनी तो लपवला असला तरी टाकणाऱ्याला कुणी कळवत नाही. त्याला आपलं सगळं छान चाललंय असंच दिसतं. खरं बघायचं तर परक्याच्या फोनवरून बघायचं. लोकांच्या दारांचे इतके फोटो कोण टाकतं, असा त्यांच्या मशीनला संशय आला असेल, एवढंच तो म्हणाला आणि स्क्रू पुन्हा दातांत धरला.

एखादा फोटो गेला असेल, सगळे कसे जातील, अशी चष्मेवाल्याने मनाची समजूत घातली. पण खात्री करायची तर परके फोन हवेत. ते तर रोज त्याच्या खुर्चीत येऊन बसत होते. जवळचं दिसतं का हे तपासायला तो बारीक अक्षरांचं कार्ड वाचायला द्यायचा. ते कार्ड त्याने खणात टाकलं. आता तो गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवायचा, भिंगं घालायचा आणि म्हणायचा, तुमचाच फोन काढा, नकाशा उघडा, सांगतो त्या जागेवर बोट ठेवा. काय दिसतं?

लोकांना वाटलं ही काही नवी पद्धत असेल. काहींनी कौतुकही केलं. आणि एकामागून एक सगळ्यांनी तेच सांगितलं. इथे काही नाही. इथे नुसता रस्ता आहे. इथे एकही फोटो नाही. एका गृहस्थांना तर या नादात भलत्याच नंबरचा चष्मा गेला आणि ते भांडायला परत आले. चष्मेवाल्याने माफी मागितली, भिंगं बदलून दिली आणि त्यांनाही नकाशा उघडायला लावला. तिथेही शून्य. बायको एकदा गेली ती गेलीच, पण आता तिचं फिरणंही कुणीतरी पुसून टाकलं होतं आणि हा रोज संध्याकाळी एकटा बसून ते बघत होता. आपण तिला खोटं सांगितलं या विचाराने त्याला जेवण जाईना.

अशात एक निवृत्त शिक्षिका चष्मा करायला आल्या. त्यांनी नकाशा उघडला आणि नकाशा सवयीने त्या बसल्या होत्या तीच जागा दाखवू लागला. चष्मेवाला त्यांना टाकीमागचा जिना शोधायला सांगणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "हे तुमचंच दुकान ना? तुम्हीच आहात की यात."

बायकोने दुकानाचा फोटो कधी टाकला नव्हता. घरच्याचं काय दाखवायचं, लोक म्हणतील जाहिरात करते, असं तिचं म्हणणं. चष्मेवाल्याने बाईंच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला. फोटो दुकानाच्या आतला होता. गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून काढलेला. भिंग घासायच्या मशीनवर तो वाकलेला, पाठमोरा. अंगात तपकिरी स्वेटर. तो स्वेटर त्याने बायको गेल्यानंतर, याच थंडीत घेतला होता. फोटो टाकणाऱ्याच्या जागी बायकोचं नाव होतं. आणि फोटो मागच्याच आठवड्यातला होता.

त्याने बायकोचा फोन काढला. तिच्या फोनवर तो फोटो नव्हता. पुन्हा बाईंच्या फोनवर बघितलं, होता. आरशात त्याला रिकामी खुर्ची दिसली, कारण बाई घाबरून केव्हाच उभ्या राहिल्या होत्या. त्याने त्यांच्या चष्म्याचा नंबर लिहून दिला.

मोबाइलवाल्याने डोकं खाजवलं. वहिनींना ऑफिसकडून वेगळा फोन होता का, त्यावर त्यांचंच खातं चालू राहिलं असेल, आता तो दुसऱ्या कुणाकडे असेल. हे पटण्यासारखं होतं. चष्मेवाला पाणी खात्यात गेला. तिथल्या कारकुनाने कपाट उघडून दाखवलं. ती मीटर वाचायला वापरायची ते यंत्र तिथेच पडलं होतं, बॅटरी काढलेली, वर धूळ. नवीन मीटरवाला तर चष्मेवाल्याच्या बोळात अजून फिरकलाही नव्हता. कारकुनाने चहा विचारला. चष्मेवाल्याला कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं.

त्यानंतर फोटो येतच राहिले. बायकोच्या फोनवर काही नाही, आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या फोनवर नवा फोटो. आधी बोळाचं तोंड. मग त्याचा रोजचा घरी जायचा रस्ता, मग त्याच्या इमारतीचं गेट. मग जिना. मग दारासमोरचं पायपुसणं आणि त्यावर एकीवर एक पडलेल्या त्याच्या चपला. सगळे तिच्याच नावावर. तिचं जे त्याला दिसत होतं ते जगाला दिसत नव्हतं, आणि जगाला दिसत होतं ते त्याला नाही.

भीती वाटत होतीच. पण भीतीच्या तळाशी आनंदही होता, आणि त्या आनंदाची त्याला लाज वाटायची. तो रोज दाढी करू लागला. चपला दाराशी नीट जोडीने काढून ठेवू लागला.

एका संध्याकाळी मेव्हणी दुकानात आली. बायकोची धाकटी बहीण, तिच्यासारखीच बडबडी. चष्म्याची काडी सैल झाली होती आणि काडी घट्ट होईपर्यंत तिचं तोंड चालू होतं. चष्मेवाल्याने तिचा फोन मागितला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. इतकी वाक्यं सलग बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. तिने फोन उघडला, त्याच्या घराच्या जागेवर बोट ठेवलं आणि तिचं तोंड एकदम बंद झालं.

"हा घराच्या आतून काढलाय, भावजी," ती म्हणाली. "दार आतून दिसतंय. कडी लावलेली आहे."

तिने हाताला धरून त्याला मोबाइलवाल्याकडे नेलं. हे कुणीही करत असो, ताईच्या नावाने चाललेलं तिला नको होतं. मोबाइलवाल्याने बायकोच्या फोनवर बरंच खाली जाऊन एक बटण शोधून दिलं. हे दाबलं की खातं कायमचं बंद. नवे फोटो जातील, जुनेही जातील, पुन्हा कुठूनही काही येणार नाही. असं सांगून त्याने तोंडातला स्क्रू काढून डबीत ठेवला.

"दाबा," मेव्हणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताईला सुटू दे आता. तुम्हीपण सुटा."

तिचं चूक नव्हतं, हे त्याला कळत होतं. त्याने अंगठा बटणावर आणला. मग थांबला.

"खाली काय लिहिलंय?" त्याने विचारलं. "ती नेहमी खाली काहीतरी लिहायची."

मेव्हणीला वाचायचं नव्हतं. तो वाट बघत उभा राहिला. शेवटी तिने फोन डोळ्यांजवळ नेला आणि हळू आवाजात वाचलं, "बेल वाजवा. उघडायला थोडा वेळ लागतो, पण उघडते."

चष्मेवाल्याने बायकोचा फोन बंद करून शर्टाच्या खिशात ठेवला. बटण दाबलं नाही. दुकानाचं शटर ओढलं, कुलूप घातलं आणि घराच्या दिशेने चालू लागला. मेव्हणी बोलत बोलत मागे आली, रागावून झालं, विनवून झालं, आणि इमारतीच्या गेटापाशी येऊन उभी राहिली. पुढे यायचा तिला धीर होईना.

तो जिना चढला. चपला काढून जोडीने ठेवल्या. किल्ली खिशात होती. बायको गेल्यापासून तो स्वतःच कुलूप काढून आत जात होता, आणि घरात कुणी नसताना बेल वाजवायचा प्रश्नच नव्हता. आज दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. सकाळी आपण ते लावलं होतं की नाही, हे त्याला आठवेना.

त्याने कॉलर सारखी केली आणि बेल वाजवली. आत, लांब स्वयंपाकघरापर्यंत ती वाजलेली ऐकू आली. खालून मेव्हणीने भावजी, भावजी अशा हाका मारल्या. तो हलला नाही. दुसऱ्यांदा बेल वाजवायची घाईही त्याने केली नाही.