शुक्रवारी लॅपटॉप बंद पडत नसे

मुलगी गणपतीत झाली आणि लॅपटॉप दिवाळीत आला. संक्रांतीच्या सुमाराला दोघांचंही बिनसलं. मुलीला खोकला धरला तो सुटेना. खोकता खोकता तिचा श्वास अडकायचा आणि ओठ निळे पडायचे. लॅपटॉप काम करता करता निळा पडदा दाखवायचा, बंद व्हायचा आणि आपला आपणच पुन्हा सुरू व्हायचा. मुलीच्या काळजीने माझ्या जिवाचं पाणी होत होतं. लॅपटॉप मात्र नुसता डोक्यात जायचा.

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामाच्या मालाची नोंद मी घरी बसून कॉम्प्युटरवर करत असे. सासर तिथूनच जवळ, कोन गावात. घराला लागूनच सासऱ्यांचा कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. मध्ये एकच भिंत आणि त्या भिंतीत जाळीची खिडकी. एखादा लूम थांबला तर सासऱ्यांना खाटेवर पडल्या पडल्या कळावं म्हणून ती कायम उघडी. त्या खिडकीशी, छताच्या कडीला, मुलीची झोळी बांधलेली. लूमवाल्या घरांत झोळी तिथंच बांधायची रीत होती. खटखटीत पोर निजतं आणि आईचे हात मोकळे होतात.

मी माहेरची पडघ्याची, शेतीच्या घरातली. सुरुवातीला त्या आवाजात मला माझंच बोलणं ऐकू यायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "लूमच्या आवाजान पोर कशी गपचूप निजते ती बघ. तिचा बाप बी हितंच निजला." आणि मुलगी खरंच निजली. सोयीचं असलं की पटतंही लवकर. खोलीतला प्लगसुद्धा तिथंच होता, म्हणून लॅपटॉप त्याच खिडकीच्या कट्ट्यावर. एका हाताने झोळीची दोरी ओढायची, दुसऱ्या हाताने आकडे टाकायचे, असा माझा दिवस जायचा.

भिवंडीतल्या डॉक्टरांनी मुलीची छाती तपासून सांगितलं, "बाळदमा आहे. धुळीपासून जपा. असंच चाललं तर एक दिवस मलाही काही करता येणार नाही." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता उच्चारलं. धूळ म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर रस्ता आला. दारावरून दिवसभर ट्रक आणि कंटेनर जायचे. नवऱ्याने रस्त्याकडची खिडकी खिळे ठोकून बंद केली, वरून प्लास्टिक लावलं. मी ओल्या फडक्याने फरशी पुसून पुसून हात सोलवटून घेतले. मुलगी अधिकच खोकायला लागली. रात्री तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजे आणि ती थांबली की मी घाबरून तिच्या नाकाशी बोट धरून बसे.

इकडे लॅपटॉपचेही उपचार चालूच होते. दुकानदाराने आधी व्हायरस सांगितला आणि सगळं पुसून नव्याने भरून दिलं. तीन-चार दिवस ठीक, मग पुन्हा तेच. मग रॅम बदलली. मग नवरा म्हणाला, व्होल्टेज कमी-जास्त होतंय, लूम काय कमी वीज खेचतात? स्टॅबिलायझर आणला. मी वायर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून पाहिला, तरी बंद पडला. शेवटी सासूबाईंनी मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन मुलीची दृष्ट काढली आणि जाता जाता लॅपटॉपवरूनही हात फिरवला. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या, तर घरात कोणालाच ठसका लागला नाही. "बघ, मोठी नजर हाय," त्या म्हणाल्या. तेवढ्यात झोळीत मुलगी खोकली आणि कितीतरी वेळ खोकतच राहिली.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. शुक्रवारी लॅपटॉप कधी बंद पडत नसे. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. सासूबाई म्हणत, देवीचा वार हाय. मुलगी मात्र त्या शांततेत निजायची नाही, दिवसभर भोकाड पसरायची. शनिवारी लूम कधी सुरू होतात याची आम्ही सगळेच वाट बघायचो.

होळीनंतर वैतागून मी दुकानदाराला म्हटलं, माझ्यासमोर पूर्ण उघडा. त्याने स्क्रू काढले, पंखा उचलला आणि चिमट्याने काहीतरी अख्खं बाहेर काढलं. बाहुलीच्या गादीएवढी रुईची पांढरी, घट्ट बसलेली घडी होती ती.

"भाभी, कारखाने में रखते हो क्या इसको?"

"नाही. घरात. माझ्या मुलीच्या झोळीशेजारी."

"हवाच मिळत नव्हती याला," तो म्हणाला. "गरम होतो, मग बंद होतो."

तो पुढे बरंच काही सांगत होता, पण मी महिने मोजत होते. लॅपटॉप दिवाळीत आलेला. मुलगी गणपतीपासून त्या खिडकीत. ती घडी मी कागदात गुंडाळून घेतली आणि रिक्षात बसले. वाटेत शुक्रवार आठवला. शुक्रवारी ती खोकत नसे. दिवसभर रडायची, घसा फोडून रडायची, कारण त्या दिवशी तिच्या छातीत रडण्याइतका वारा असायचा. आणि आम्ही तिला गप्प करायला लूमची वाट बघायचो. मला रिक्षातच रडू फुटलं. त्याच दिवशी तिला पडघ्याला न्यायचं मी ठरवलं. तिथे ती हळूहळू बरी झाली.

पण त्याआधी घरी जाऊन भांडायचं होतं. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कागद उलगडून त्यांच्यासमोर ठेवला. "आई, हे लॅपटॉपच्या पोटातून निघालं. दिवाळीपासूनचं. पोरीच्या छातीत गणपतीपासूनचं असेल. मी झोळी सोडतेय."

त्यांनी ती घडी बोटांत घेऊन चुरली. मी पुढची वाक्यं जुळवून ठेवली होती, ती बोलायची वेळच आली नाही. त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि झोळीची गाठ स्वतःच्या हाताने सोडू लागल्या. अर्ध्यात त्यांचे हात थांबले.

सासूबाईंना चार मुलं झाली, त्यातली तीन वाढली. दुसरा मुलगा वर्षाच्या आतच छाती भरून गेला होता. भगताने तेव्हा घरातल्याच बाईची नजर सांगितली. सासूबाईंनी तो आळ आपल्या धाकट्या जावेवर घेतला, भर अंगणात तिला नाही नाही ते बोलल्या आणि पुढे तिच्या हातचं पाणीही प्यायल्या नाहीत. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ती जाऊ वारली, तेव्हासुद्धा त्या तिच्या दारात गेल्या नव्हत्या.

"तो बी हितंच निजायचा," सासूबाई म्हणाल्या.

पलीकडे लूम चालू होते, त्यामुळे पुढचं ऐकायला मला स्टुलाजवळ जावं लागलं.

"धाकटीला आता कसा सांगू मी?" त्या मला विचारत होत्या.