कदम मिळवू नका

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. ड्युटीला वीस मिनिटं आहेत, डबा उघडा ठेवून टाइप करून राहिले. चुका समजून घ्या, परत वाचणार नाही. वाचलं तर टाकणारच नाही.

गाव सोडलं त्या दिवशी माझी पत्र्याची पेटी आबांनी फाट्यापर्यंत आणली होती. एक कडी त्यांच्या हातात, एक माझ्या. आबा म्हणजे माझ्या पप्पांचे वडील. देगलूरकडचं आमचं गाव, दुष्काळाचं साल, तळ्यात पोरं क्रिकेट खेळायची. मी पुण्याला नर्सिंगच्या कोर्सला निघालेले आणि नेमका टँकर आला, म्हणून आई सोडायलाच आली नाही. घागरी उचलता उचलता ओरडली, "पोचलीस की फोन कर गं!" झाला माझा निरोप.

आणि आबा चालताना सारखं एकच. "कदम मिळवू नको, पोरी. माझा डावा पडला की तुझा उजवा पडू दे." मला इतकं हसू आलं! फौजेतला माणूस आणि कदम मिळवू नको म्हणतो?

आबा मिलिटरीच्या बँडमध्ये होते, ट्रम्पेट वाजवायचे. एकाहत्तरच्या लढाईला गेलेले. नंतर गावात येऊन लग्नाचा बँड काढला. गावात त्यांची ठरलेली चेष्टा, "काय फौजी, बॉम्ब पडत होते तवा कोणतं गाणं लावलं होतं?" आबाही हसायचे. "फर्माईश येईल ते!" विषय संपला.

मी निघायच्या थोडं आधी व्हॉट्सॲपवर आलं की आपला जिल्हा वेगळा झाला. लगेच मिरवणूक! पुढं आबांचा बँड. पाण्यापायी त्या साली लग्नंच होईनात, पोरं वाजवायला तरसलेली. सगळी एका तालात, धप धप, एकदम कडक. आबा एकटेच बेकदम. पानटपरीवरून कोणीतरी ओरडलं, "ओ फौजी, पाय चुकून राहिला की!" सगळे हसले. मी पण. आबा वाजवत राहिले. तोंड कोरडं पडलं, सूर फाटला, तरी वाजवत राहिले. संध्याकाळी कळलं, बातमी खोटी. "जाऊ दे," आबा म्हणाले, "मोठा दवाखाना तेवढा जवळ आला असता."

पुण्यात पहिल्याच महिन्यात आमच्या हॉस्पिटलची लिफ्ट बंद पडली. एका मावशीला स्ट्रेचरवर हातानं उचलून न्यायचं होतं. आम्ही उचललं आणि त्या किंचाळल्याच. सिस्टरनी सगळ्यांसमोर झापलं. मी रडत आबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कदम मिळवले असतील तुम्ही."

त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "लढाई लागली की बाजे पेटीत जातात, बाई. बँडवाल्यांनी जखमी उचलायचे. आमच्या पायाला सवय परेडची. पहिल्या दिवशी तसंच चाललो, एका तालात. सगळ्यांचा डावा एकदम पडला की स्ट्रेचर झोके खातं. वरचं पोरगं तुझ्याएवढं असंल. लई ओरडलं. मग गप झालं. आम्हाला वाटलं, झोपलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तवापासनं कदम मिळवता येत न्हाई बग. मला कधी उचलायची पाळी आली तर सांगशील त्यांना?"

"हाव आबा, सांगते."

माफी मागायची होती, हसले होते त्याची. तोंडातून निघालं, "जेवलाव का?"

मागच्या महिन्यात आबा हौदापाशी घसरले. खुबा मोडला. रस्ता पाइपलाइनसाठी उकरलेला, जीप फाट्यावरच थांबली. पप्पांनी मला फोन लावला, "नांदेडला नेऊन राहिलो," एवढंच म्हणाले आणि चालू फोन खिशात टाकला. आबांच्याच बँडची चार पोरं खाट उचलत होती.

मी वॉर्डच्या बाहेर उभी. दुपारची वेळ, लोक येताहेत, जाताहेत. कानात फक्त पावलं. धप. धप. धप. एका तालात! प्रत्येक धपला आबांचं "अं". मी ओरडले, "पप्पा, कदम मिळवू नका म्हणा त्यांना! पप्पा!" सगळा कॉरिडॉर माझ्याकडं बघायला लागला. तिकडं फोन खिशातच. मग आबांचा आवाज आला, बारीक, "पोरांनो, ताल सोडा रे..." आणि एक जण किती मायेनं म्हणाला, "फौजी, बोलू नका, आलाच फाटा."

धप. धप. धप.

आबा वाचले. ऑपरेशन झालं, पण चालत नाहीत. इथं मी रोज किती जणांना उचलते, एक झोका बसू देत नाही. ज्यानं शिकवलं त्याला सोडून. बँडच्या ग्रुपवर सगळं समजावून व्हॉइस मेसेज टाकला. चौघांनी ऐकला. एकाचा अंगठा आला. बस.

आबांना अजून एकदा, शेवटचं उचलायचं आहे, हे घरात कोणी बोलत नाही. तेव्हा मी पोचेन का? जिल्हा अजून झाला नाही, रस्ता अजून उकरलेलाच आहे.

गाव म्हणलं की मला आता तो पप्पांचा खिसा आठवतो. तिकडचं सगळं मला ऐकू येतं. माझं तिकडं काहीच जात नाही.

चला, बेल झाली. तुम्ही पण लांब राहता ना? तुमच्या घरचं माणूस कोणी असं चुकीचं उचललंय का, तुम्ही फोनवर असताना? तुम्ही काय केलंत? खरंच सांगा.