दोन सातेरी

दुपार टळली तरी मथुराकाकी डेलिशाच्या दारातून हलली नव्हती. तिच्या नवऱ्याची, गुरुदासची, होडी पहाटे गेली ती आलीच नव्हती. वारा वाढत होता.

"तुझो मोबायल सांगता सगळे इले म्हणान. मगे माझो घोव खंय आसा गो?"

आईच्या आजारपणामुळे पुण्याची नोकरी सोडून आलेल्या डेलिशाने बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीला ॲप करून दिलं होतं. होडी सुटली की नोंद, परतली की नोंद. बाहेर राहिलेल्यांची यादी मोबाइलवर दिसे. आज यादी रिकामी होती, म्हणून सोसायटीचे चेअरमन शोधाला होडी काढत नव्हते. "लिस्टीत नाय म्हणजे इलो. दुसऱ्या बंदराक लागलो आसतलो."

ॲपमध्ये बदल करून मोबाइलवर चढवायचं म्हणजे दर खेपेला थांबणं. तिने डेटाबेसची फाइल लॅपटॉपवर घेतली आणि बाहेरच्या होड्यांची यादी काढणारी ॲपमधली क्वेरी तिथेच पायथॉनमध्ये चालवली. उत्तर रिकामं. एक अट काढली. रिकामं. काकी दार अडवून बसलेली. उठून जायलाही वाट नव्हती.

"बोटां बरी चलतत तुझी," काकी म्हणाली. "होडी तेवढी चलवून दाखव."

डेलिशाने सगळ्या अटी काढल्या आणि आजच्या नोंदी सरळ समोर घेतल्या. सातेरी नावाच्या होड्या दोन होत्या, त्यातली एक गुरुदासची. होडीला गावदेवीचं नाव द्यायची इथली रीत. वरच्या वाडीची सातेरी सकाळीच परतली होती. क्वेरी नाव बघत होती, नोंदणी क्रमांक नाही. एक आली, दोन्ही यादीतून गेल्या. होडीला इथे कोणी क्रमांकाने ओळखत नाही. इथेच वाढलेल्या डेलिशालाही एका नावाच्या दोन होड्या असतील हे सुचलं नव्हतं.

तिने नावाच्या जागी क्रमांक घातला. एक ओळ उमटली. गुरुदास बाहेर होता.

आता गप्प राहण्याची सोय नव्हती. तिने काकीसमोरच फोन लावला. "चेअरमननू, चूक माझी. गुरुदासकाका भायर आसत. होडी काढा."

"काढतंव," पलीकडून उत्तर आलं. "पण ह्याच्या फुडे आमी इश्वास कोणावर ठेवचो?"

दिवेलागणीच्या आधी निरोप आला. मशीन बंद पडून गुरुदास नांगर टाकून बसला होता. त्याला ओढून आणत होते. काकी उठली.

"उद्या तो परत जातलो," ती म्हणाली. "तेच्याआधी ता नीट कर."

मोबाइलवरची यादी अजून चुकीचीच होती. डेलिशाने लॅपटॉप पुढे ओढला.