वाऱ्यावर घातलेलं पोतं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर वहीत गोल मारले. रविवार होता, दुपारची वेळ. मी वही घेऊन बसलो होतो आणि बायको तुरीच्या शेंगा सोलत दिवस सांगत होती.

वही वाऱ्याची. अमरावतीच्या कॉलेजात शिकणारी आमची नात परीक्षेच्या प्रोजेक्टसाठी कम्प्युटरात पवनचक्कीचं पातं तयार करून राहिली होती. त्याचा प्रोग्राम असतो. पात्याची लांबी, जाडी, तिरपेपणा टाकायचा, गावचा वारा टाकायचा, की पडद्यावर पातं फिरते आणि जिथं ताण येते तिथं लाल होते. लाल झालं की जाड करायचं, पुन्हा फिरवून पाहायचं. नातीनं दाखवलं तेव्हा मले काही समजलं नाही. बायकोले समजलं. ती म्हणे, सूप जास्त तिरपं धरलं तर दाणे सांडतात, सरळ धरलं तर भूस निघत नाही, तसंच असंल हे. नात म्हणाली, तसंच. मी चौथी शिकलो, बायको दुसरी, पण डोकं तिचं.

वारा मोजायले नातीनं कॉलेजातून यंत्र आणून भातकुलीजवळच्या आमच्या घराच्या गच्चीवर बसवलं. तीन वाट्या वाऱ्यानं फिरतात, आणि खाली घरात डबीवर आकडा दिसते. रोज दिवेलागणीले दिवसातला सगळ्यात मोठा आकडा मी वहीत लिहीत गेलो. वर्षभरात एक दिवस चुकलो नाही, याची मले घमेंड होती.

नातीनं ते आकडे प्रोग्रामात टाकले. पातं कुठंच लाल होईना. पातळ, देखणं पातं. तेच बनवून आमच्या गोठ्यामागं उभं करायचं होतं. पण मग तिनं वही चाळली.

"आबा, गोठ्याची टिनं उडाली त्या दिवशी वारा आठच कसा?"

मी म्हटलं, डबीवर आठ होते, आठ लिहिले. तेव्हा बायको बोलली.

"मी पोतं घालत होती त्याच्यावर."

आभाळ भरून आलं की ती गच्चीवर जायची, खताचं रिकामं पोतं यंत्रावर घालून सुतळीनं बांधायची. उघडीप झाली की काढायची. म्हणजे डबीवर राहायचा तो पोतं घालायच्या आधीचा आकडा. दुसऱ्याची वस्तू, मोडली तर पोरीले भरून द्या लागंल, असं तिचं म्हणणं. नात म्हणाली, आजी, वादळासाठीच तर बसवलं होतं ते. मी बायकोची अक्कल काढली. त्यावर तिनं विचारलं, "टिनं उडून राहिली होती तेव्हा तुमी आठ कावून लिहिले?"

नातीनं सांगितलं, पोत्याचे दिवस वेगळे करा, नाहीतर पातं पहिल्याच वादळात तुटून कोणाच्या डोक्यात बसंल. ते दिवस वहीवरून ओळखू येत नव्हते. ते फक्त बायकोले ठाऊक. तारखा तिले येत नव्हत्या. शेंदूरजनाघाटची बहीण संत्री घेऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. बियाणं आणायले गेलो तो दिवस. असं ती सांगायची, मी कॅलेंडरात शोधायचो आणि गोल मारायचो. पोळ्यापर्यंत आलो. शेंगा संपल्या. ती म्हणाली, आता भाजी टाकते, उरलेलं पुढच्या रविवारी.

त्याच संध्याकाळी भाकर थापता थापता ती कलंडली. डॉक्टर आला तोवर संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून लेक यायची होती, म्हणून नेणं थांबलं होतं. अंगणात लोक बसले होते. मी वही काढली. दसऱ्याच्या आधी पाऊस आला होता, तेव्हा तिनं पोतं घातलंच असंल, असं वाटत होतं. अंदाजानं पाचसहा गोल मारले असते तर पोरीचं वर्ष पुरं झालं असतं. कोण विचारणार होतं?

नातीले आत बोलावलं.

"पोळ्यानंतरचं काढून टाक, माय. मले माहीत नाही."

ती रडत होती. म्हणाली, वर्ष अधुरं राहते आबा, सर पास करणार नाहीत.

"अधुरं राहू दे. खोटा वारा नको टाकू त्याच्यात."

मी पेन घेतला आणि पोळ्याच्या पुढच्या पानांवर एकेक आडवी रेघ मारत गेलो. लेकीची गाडी आली तेव्हा दोन पानं राहिली होती. ती मारली, मग बाहेर गेलो.